हप्ता आणि हक्क
मंदी येण्याआधी तुळिंजच्या घरांनी काय बांधून ठेवावं?

तुळिंज नाक्यावर मंदीची बातमी वर्तमानपत्रातून येत नाही. ती ‘ओटी बंद’ या दोन शब्दांत येते. आधी गाळ्यातला ओव्हरटाइम थांबतो. मग शेठ सांगतो, आठवड्याला चारच दिवस या. मग घरी आणून दिला जाणारा माल, म्हणजे इमिटेशनच्या माळा ओवणं, बांगड्यांना खडे लावणं, पाकिटं भरणं, एक दिवसाआड येऊ लागतो. त्यानंतर किराणावाल्याची वही जाड होते. कंपनीतून माणूस काढल्याची बातमी या सगळ्याच्या शेवटी येते. तोवर घर दोन-तीन महिने आतून पोखरलेलं असतं.

नालासोपारा स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की तुळिंज रोड सुरू होतो. एकेकाळचं तुळिंज गावठाण आता आचोळे, अलकापुरी, राधानगर, नगीनदास पाडा, संतोष भुवन आणि महामार्गालगतच्या पेल्हार-धानिवपर्यंत पसरलेल्या सलग वस्तीचा एक तुकडा आहे. वसई-विरार शहर महानगरपालिका 2009 मध्ये झाली, पालघर जिल्हा 2014 मध्ये. 2011 च्या जनगणनेत या महापालिका क्षेत्रात 12 लाखांहून अधिक माणसं मोजली गेली. 2021 ची जनगणना झाली नाही, पण इमारती थांबल्या नाहीत. मुंबईत कामाला जाणाऱ्या ज्या माणसाला मुंबईत घर परवडत नाही, तो इथे राहतो. सुरक्षारक्षक, कुरिअरवाला, मॉलमधली सेल्सगर्ल, अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात दागिने घडवणारा कारागीर, आणि वालीव, सातिवली, पेल्हारच्या गाळ्यांत मोल्डिंग मशीनवर उभा राहणारा कामगार, असे सगळे एकाच मजल्यावर शेजारी असतात.

2025 मध्ये देशात मंदी नव्हती. एप्रिल ते जून 2025 या तिमाहीत भारताची अर्थव्यवस्था 7.8 टक्क्यांनी वाढल्याचा सरकारी आकडा तेव्हा आला होता. पण 27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेनं बऱ्याच भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लावलं, आणि हिरे, दागिने, कपडे या निर्यातीच्या धंद्यांवर ते थेट येऊन पडलं. अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिन्यांच्या निर्यातीचा धंदा मोठा आहे, आणि तिथले बरेच हात रोज विरार लोकलनं जातात. म्हणून हा लेख. ओटी बंद झाल्यावर तयारी करता येत नाही. ती बोनसच्या महिन्यातच करावी लागते.

बसलेले धक्के

ही वस्ती आर्थिक धक्के सोसतच वाढली आहे. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कधी जाहीरच झालं नाही. अनेक गिरण्यांची दारं पुन्हा उघडली नाहीत, आणि लालबाग-परळमधली कित्येक कुटुंबं खोली विकून किंवा सोडून उपनगरांच्या टोकाला सरकत गेली. नालासोपारा, विरार भरण्यामागे हेही एक कारण आहे.

त्या संपाच्याही आधीच्या गिरणगावाचा एक धडा आजही कामाचा आहे. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका कामगारांना महिन्याच्या उधारीवर जेवू घालत. पगार थांबला की उधारी बुडायची, आणि धान्य भरायला सावकाराचं चढं व्याज. ही साखळी तोडण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज गटानं मिळवून दिलं. तारण म्हणून ठेवायला एकटीकडे काहीच नव्हतं. गटाकडे एकमेकींचा शब्द होता, आणि बँकेनं तो मानला.

8 नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीत चलनातल्या सुमारे 86 टक्के मूल्याच्या नोटा एका रात्रीत बाद झाल्या. रोखीनं मजुरी देणारे गाळे अडले, आणि ज्यांचं बँक खातं नुसतं नावाला होतं त्यांना खात्याची किंमत कळली. पुढे 23 सप्टेंबर 2019 रोजी पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, आणि बँकेत ठेवलेला पैसाही अडकतो हे मुंबईकरांना समजलं. सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त 1,000 रुपये काढायची मुभा होती.

मग 2020. मार्चमध्ये लोकल थांबली. पन्नासहून अधिक किलोमीटरवरच्या चर्चगेटशी ज्यांचं पोट बांधलेलं आहे, त्यांच्यासाठी लोकल थांबणं म्हणजेच मिळकत थांबणं. जूनपासून गाड्या धावल्या त्या अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. खासगी नोकरीवाला एसटीच्या रांगेत उभा राहिला, आणि जुलैमध्ये बसही नाकारली गेली तेव्हा नालासोपारा स्टेशनात प्रवासी थेट रुळांवर उतरले. त्या दिवशी ती माणसं मदत मागत नव्हती, कामावर जाण्याची वाट मागत होती.

या प्रत्येक वेळी तीच घरं लवकर सावरली ज्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या: देणं हलकं होतं, आणि हक्काचे कागद चालू स्थितीत होते. पगार किती होता, ही गोष्ट त्यानंतरची.

हप्त्याचं गणित

हे आकड्यांनी पाहू. समजा, संतोष भुवनातलं चौघांचं घर आहे. नवऱ्याचा गाळ्यातला पगार 14,000 रुपये, ओटीचे 5,000, बायको घरी माळा ओवून 5,000 मिळवते. एकूण 24,000. खर्च असा: भाडं 6,000, किराणा आणि गॅस 7,500, वीज 1,000, मुलांचा क्लास 1,500, आणि हप्ते 7,000. हप्त्यांत बाइकचे 2,900, मोबाइलचे 1,500 आणि मायक्रोफायनान्सचे 2,600. खर्च 23,000, शिल्लक 1,000. घर व्यवस्थित चाललंय असं कुणीही म्हणेल.

ओटी बंद झाला. मिळकत 19,000 वर आली, खर्च 23,000 वरच राहिला. दर महिन्याला 4,000 ची तूट. नोकरी शाबूत आहे, पगार वेळेवर आहे, तरी हे घर तीन महिन्यांत 12,000 रुपयांनी खाली गेलं. ती तूट भरायला चौथं कर्ज येतं, बहुधा फोनमधल्या ॲपवरून.

आता बाइक आणि मोबाइलचे हप्ते काढून टाका. खर्च 18,600 होतो. तेच 19,000 पुरतात, 400 उरतात. घर तेच, पगार तोच, भाव तेच. फरक फक्त त्या 4,400 रुपयांचा, जे कुठल्याही महिन्यात कमी करता येत नाहीत. डाळ कमी करता येते, क्लासच्या बाईंना ‘पुढच्या महिन्यात देते’ म्हणता येतं, हप्त्याला तसं म्हणता येत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या 1 एप्रिल 2022 पासूनच्या नियमानुसार, वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण मायक्रोफायनान्स कर्ज देताना सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. नियम चांगला आहे, पण वरच्या घराला तो 12,000 पर्यंत हप्ते घेऊ देतो, आणि ते घर 7,000 वरच बुडतंय. नियमाची मर्यादा कर्ज देणाऱ्या कंपनीला आवरण्यासाठी आहे. आपली मर्यादा आपण ठरवायची, आणि माझ्या मते ती ओटी सोडून उरलेल्या पक्क्या मिळकतीच्या पाचव्या हिश्शापलीकडे नसावी. ओटी आणि बोनस यांच्या भरवशावर हप्ता घ्यायचाच नाही. हा पैसा जुनं देणं फेडायला आणि महिन्या-दोन महिन्यांचं भाडं बाजूला टाकायला.

हप्ता चुकलाच तर घाबरून दुसरं कर्ज घेऊ नये. वसुलीवाल्यानं अवेळी फोन करू नये, नातेवाइकांत बदनामी करू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी कळवून मुदत मागणं लाजेचं नाही. लाजेपोटी घेतलेलं पाचवं कर्ज घराला जास्त महाग पडतं.

भिशीचा लिलाव

तुळिंजच्या चाळींत आणि सोसायट्यांत मंदीचा सगळ्यात खरा आकडा भिशीत दिसतो. चिठ्ठ्यांची भिशी साधी असते. लिलावाची भिशी वेगळी. वीस जणी, प्रत्येकीचे 2,000, जमले 40,000. ज्या बाईला आज गरज आहे ती बोली लावते: मी 8,000 सोडते. तिला 32,000 मिळतात, सोडलेले 8,000 वीस जणींत वाटले जातात, प्रत्येकीला 400. बऱ्या दिवसांत दोन-तीन हजारांवर बोली तुटते. कुणाच्या घरी आजारपण असतं, कुणाचा पगार थकलेला असतो, तेव्हा बोली खोल जाते. दोन-तीन महिने लागोपाठ सगळ्याच भिश्यांत बोली खोल जाऊ लागली, तर समजावं की गाळ्यांत काम आटलं आहे. कुठल्याही सरकारी पाहणीआधी ही खबर लागते.

भिशी चांगली, पण दोन पथ्यं पाळूनच. पहिलं, ती ओळखीच्या आणि त्याच आवारात राहणाऱ्या माणसांची असावी, आणि दर महिन्याचा हिशेब सगळ्यांसमोर वहीत लिहून सही व्हावी. यातल्या बहुतेक भिश्या कुठेही नोंदलेल्या नसतात. पैसे बुडाले तर विश्वासाशिवाय हातात काही नाही. दुसरं, लिलावाची भिशी पहिल्या काही महिन्यांत उचलू नये. आधी उचलणारी कर्जदार असते, शेवटी उचलणारी बचत करणारी. मंदीची तयारी करणाऱ्यानं शेवटच्या रांगेत उभं राहावं.

तंगीच्या काळात आणखी एक धोका दार ठोठावतो: आठवड्याला व्याज देणाऱ्या योजना. दादरच्या टोरेस ज्वेलरीनं खड्यांच्या खरेदीवर आठवड्याला 6 टक्के परतावा देऊ केला होता. जानेवारी 2025 मध्ये दुकानाची शटर पडली, आणि रस्त्यावर आलेल्या गर्दीत भाजीवाले, छोटे दुकानदार, घरकामाच्या बायका होत्या. अशा फसवणुकीसाठी महाराष्ट्रात 1999 पासून ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा, म्हणजे एमपीआयडी आहे. पण कायद्यानं पैसा परत यायला वर्षं लागतात. आठवड्याला 6 टक्के म्हणजे वर्षाला 300 टक्क्यांहून जास्त. इतका नफा देणारा धंदा जगात कुणी दुसऱ्यासाठी चालवत नाही.

सोनं, मशीन आणि बँक

घरात अडचण आली तर कशाला आधी हात लावायचा आणि कशाला शेवटी, हा क्रम आजच ठरवून ठेवावा. आधी सोन्याचं पाहू. 1930 च्या दशकातल्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. सप्टेंबर 1931 मध्ये ब्रिटननं सुवर्णमान सोडल्यावर सोन्याला चढा भाव मिळू लागला, आणि कर्ज-सारा भागवण्यासाठी मोडलेल्या दागिन्यांचं सोनं जहाजं भरभरून भारताबाहेर गेलं. तेव्हा मोडण्याशिवाय पर्याय नव्हता. आज गहाणाचा पर्याय आहे. बँकेतलं सोनेतारण कर्ज ॲपच्या कर्जापेक्षा स्वस्त पडतं. मात्र सोडवण्याची तारीख चुकली तर लिलाव होतो, म्हणून जितकं सहज सोडवता येईल तितकंच ठेवावं.

शिलाई मशीन, रिक्षा, कारागिराची हत्यारं यांना मात्र कधीच हात लावू नये. कमावण्याचं साधन विकून भागवलेला महिना पुढची दोन वर्षं घेऊन जातो. रेल्वेचा पास आणि मुलाची शाळा हीही कमावण्याची साधनंच आहेत.

आणि बँक. पीएमसीनंतर, फेब्रुवारी 2020 पासून ठेवींवरचं विमासंरक्षण एका लाखावरून 5 लाखांवर गेलं. हे संरक्षण दर बँकेमागे, दर खातेदाराला, मुद्दल आणि व्याज धरून आहे. 2021 च्या दुरुस्तीनुसार निर्बंध आल्यापासून 90 दिवसांत ही रक्कम मिळायला हवी. पण 90 दिवसही भाडं थांबत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा हेच पुन्हा दिसलं. म्हणून शक्य असेल त्यानं दोन बँकांत खातं ठेवावं, आणि घरातल्या दोन माणसांना ते चालवता यावं.

घराचा कागद

आपल्याकडे घर हीच सगळ्यात मोठी बचत. नालासोपारा पूर्वेला या बचतीची परीक्षा नुकतीच झाली. अग्रवाल नगरी परिसरात कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव असलेल्या जागेवर 41 अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोव्हेंबर 2024 मध्ये पाडकाम सुरू झालं आणि फेब्रुवारी 2025 पर्यंत सगळ्या इमारती गेल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबं रस्त्यावर आली. त्यांनी पैसे मोजले होते, त्यांच्याकडे वीजबिलं होती, आणि ती वर्षानुवर्षं तिथे राहत होती. मग 26 ऑगस्ट 2025 च्या रात्री, गणपतीच्या आदल्या दिवशी, विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळली. 17 जण गेले.

या कुटुंबांचा दोष काढायचा नाही. इमारती उभ्या राहत होत्या तेव्हा पाहणाऱ्या यंत्रणांनी डोळे मिटले, बांधणाऱ्यांनी पैसे उचलले, आणि शिक्षा राहणाऱ्याला झाली. या अन्यायाबद्दल पुनर्वसनाची मागणी लावून धरायलाच हवी. पण ज्यांचा व्यवहार अजून व्हायचा आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावं: घरपट्टीची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे, आणि वीजमीटर म्हणजे मालकी नव्हे. सातबारा, बिनशेती आदेश, सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला) आणि ओसी (भोगवटा दाखला) पाहावीत, आणि सीसीची खातरजमा महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन करावी, कारण बनावट सीसीवर उभ्या इमारतींचं प्रकरण 2023 मध्ये विरार पोलिसांनीच उघड केलं आहे. कागद पक्का नसेल तर विकत घेण्यापेक्षा भाड्यानं राहिलेलं बरं. भाडेकरू मंदीत लहान खोलीत जाऊ शकतो. कागद नसलेल्या घराचा मालक तेही करू शकत नाही, आणि बँक त्या घरावर कर्जही देत नाही.

चालू कागद, जागा हक्क

कामगाराच्या हक्काच्या अनेक गोष्टी कागदावर आहेत आणि वापरावाचून मरतात. पीएफचा यूएएन क्रमांक आधार आणि बँकेशी जोडलेला नसेल, जुन्या कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसेल, तर नेमक्या अडचणीत पैसा निघत नाही. हे काम नोकरी असतानाच करून घ्यायचं.

महिना 21,000 पर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा योजना, लागू होते, पगाराच्या 0.75 टक्के कामगार भरतो, 3.25 टक्के मालक. दवाखान्यापलीकडे तिचा उपयोग बहुतेकांना ठाऊकच नसतो. 2018 मध्ये आलेल्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेलेल्या विमाधारकाला सरासरी रोजंदारीच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त 90 दिवस, आयुष्यात एकदा मिळण्याची तरतूद केली गेली. मुदतवाढ आणि अटींची खात्री ईएसआयच्या शाखेत करून घ्यावी. पण गाळ्यात नाव हजेरीपटावरच नसेल तर यातलं काहीच मिळत नाही. म्हणून शंभर-दीडशे रुपये जास्त हातात घेण्यापेक्षा ईएसआयची कपात मान्य करणं फायद्याचं आहे.

फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधीचं पहिलं कर्ज आता 15,000 रुपयांचं झालं आहे. अपघात विम्याची पीएमएसबीवाय योजना वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचं संरक्षण देते. विरार लोकलला रोज लटकणाऱ्या प्रत्येकाच्या घरात ती असायला हवी. घर बुडवणाऱ्या खर्चांत दवाखान्याचं बिल अगदी वर असतं, म्हणून महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपल्या जवळचं कोणतं रुग्णालय बसतं हे आजारपणाआधी माहीत असावं.

आणि रेशन. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो धान्य मिळतं. ‘एक देश, एक रेशनकार्ड’मुळे मूळ गावचं कार्ड तुळिंजच्या दुकानातही चालतं, फक्त अंगठा आणि आधार जुळायला हवं. पण महाराष्ट्रात शहरी प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 59,000 रुपये आहे, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्याही आत. आपण वर पाहिलेल्या घराची मिळकत निम्म्यावर आली तरी ते बाहेरच राहतं. ही मर्यादा आजच्या मजुरीशी जुळणारी नाही, आणि मंदी येण्याआधीच ती बदलली पाहिजे. हे काम घरानं एकट्यानं करण्यासारखं नाही. ते आमदारांना, नगरसेवकांना, मंत्रालयाला विचारायचं आहे.

वसईनं 1918 मध्ये केलेलं काम

एकट्यानं केलेली तयारी एका मर्यादेपर्यंतच पुरते, याचा दाखला आपल्याच तालुक्यात आहे. पहिल्या महायुद्धानं महागाई वाढवली होती. वसईचा बागायतदार केळी-पानवेली पिकवत होता आणि सावकाराच्या वहीत अडकत होता. 1918 मध्ये मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकारानं काही माणसं एकत्र आली, थोडं थोडं भांडवल जमवलं आणि सहकारी पतसंस्था काढली. तीच आजची बॅसिन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली. पुढे 1930 ची मंदी आली, दुसरं युद्ध आलं. शंभर वर्षांनंतरही ती बँक उभी आहे, वसईबाहेरही तिच्या शाखा आहेत.

त्या माणसांकडे मोठी बचत नव्हती. त्यांनी वाईट दिवस येण्याआधी वही उघडली, एकमेकांना जामीन राहिले, आणि हिशेब उघडा ठेवला. तुळिंजमध्ये सोसायट्या आहेत, महिला बचत गट आहेत, गणेशोत्सव मंडळं आहेत, कोकणातल्या गावांची मंडळं आहेत. प्रत्येकाकडे वर्गणी जमवण्याची आणि हिशेब मांडण्याची सवय आहे. एका मंडळानं या वर्षी रोषणाईचा खर्च थोडा आवरून अडचणीतल्या सभासदाला बिनव्याजी एक महिन्याचं भाडं देणारा निधी सुरू केला, आणि आठवड्यातली एक संध्याकाळ पीएफ, ईएसआय, रेशन, विमा यांचे कागद नीट करून देण्यासाठी ठेवली, तर तुळिंजची एक गल्ली मंदीला तयार झाली असं म्हणता येईल.

बोनस हातात आहे तोवर एका कागदावर तीन रकाने आखा: न टळणारे हप्ते किती, मरून पडलेले हक्क कोणते, आणि अडचणीत ज्यांच्याकडे जाता येईल आणि जे आपल्याकडे येऊ शकतील अशी पाच घरं कोणती. पहिला रकाना मार्चपर्यंत निम्म्यावर आणायचा. दुसऱ्यातला एक हक्क दर महिन्याला जागा करायचा. आणि तिसऱ्या रकान्यातल्या पाच घरांना एकत्र बसवून पहिल्याच महिन्यात निधीची वही उघडायची, कारण मंदीत सावकार एकट्या घराचं दार आधी वाजवतो.